दादर : एक पिशवी, दोन वडे आणि हरिश्चंद्र

गेली अठरा वर्षे मी वर्गात एक वाक्य मोठ्या तोऱ्यात सांगत आले आहे. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट एका मराठी माणसाने दादरला काढला! गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, दादरला म्हणजे नक्की कुठे?"

"दादर मेन रोडवर," मी म्हणाले.

"तो कुठे आला?"

वाचकहो, घंटा झाली म्हणून माझी लाज राहिली. माझ्या लहानपणच्या साऱ्या मे महिन्याच्या सुट्ट्या हिंदू कॉलनीत आत्याकडे गेल्या. दादरच्या कुठल्या गल्लीत कुठला वास येतो हे मी डोळे मिटून सांगेन. पण दादर मेन रोड? तो मी कधी पाहिलाच नव्हता, निदान तशी माझी समजूत होती.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. तिची इमारत पाडायची ठरली होती. नवी उभी राहीपर्यंत तीन वर्षे डोंबिवलीला भाड्याच्या जागेत काढायची. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांचा हिशेब तिने बोलून दाखवला नाही, मीही विचारला नाही. ती एवढेच म्हणाली, "इथली दिवाळी आहे तोवर रानडे रोडला चल. आणि तुझा तो फाळकेही शोधू. पिशवी मात्र कापडी आण."

आत्या १९६९ साली लग्न होऊन या घरात आली. शहरात १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडच्या मोकळ्या जागेत आखीव रस्त्यांच्या वसाहती वसवल्या, त्यांतलीच ही एक. हवा खेळती राहावी म्हणून घरांमध्ये मोकळी जागा सोडलेली. आत्याला मात्र या इतिहासापेक्षा तिच्या गॅलरीसमोरच्या झाडाचे काय होणार याची चिंता अधिक.

स्टेशनचा पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला उतरलो आणि थेट फुलांत सापडलो. दादरचा फुलबाजार पहाटे, शहर झोपेत असतानाच भरतो. आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजले होते, म्हणजे बाजाराच्या मानाने दुपार. झेंडूच्या राशी, शेवंती, आंब्याचे डहाळे, आणि डोक्यावर पाटी घेऊन "ए, बाजू!" म्हणत अंगावर येणारी माणसे. आत्याने अर्धा किलो झेंडू घेण्यासाठी पाच ठिकाणी भाव केला आणि अखेर पहिल्याकडूनच घेतला. "बाकीच्यांकडे विचारले नसते, तर तो स्वस्त आहे हे कळले कसे असते?" हे तिचे अर्थशास्त्र.

रानडे रोडवर दिवाळीच्या तोंडी चालणे म्हणजे चालणे नव्हेच, गर्दी नेईल तिकडे जाणे. एका बाजूला पणत्या, रांगोळीचे रंग, उटण्याच्या पुड्या. दुसऱ्या बाजूला साड्या आणि परकर. आणि वर, डोक्याला लागतील इतके खाली टांगलेले कंदील. किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे पाहून मला राहवले नाही. एक तोफवाला घेतला. घरी किल्ला करणारे कोणी नाही, पण तोफवाला असलेला बरा. आत्याने दोन कंदील घेतले. एक इथल्या खिडकीला, आणि दुसरा? "डोंबिवलीला पुढच्या वर्षी मिळायचे नाहीत असे नाही," ती म्हणाली, "पण इथला असावा."

मग भूक. दादरला आलेला माणूस उपाशी परत जात नाही. शिवाजी पार्काच्या बाजूला साबुदाणा वडा आणि पीयूष यांची जोडी आहे. पण आम्ही वळलो छबिलदासच्या गल्लीकडे, बटाटेवड्यासाठी. वड्याला पावात घालून स्टेशनबाहेर विकण्याची कल्पना १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी प्रथम काढली असे सांगतात. आजूबाजूला तेव्हा गिरण्या चालू होत्या. पाळी सुटलेल्या कामगाराला बसून खायला सवड नसे. त्याला हातात धरून, चालता चालता खाता येईल आणि खिशाला परवडेल असे काही हवे होते. पुढे १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, वडापाव राहिला.

याच छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांचे घर मांडले. आत्या म्हणते, तिला त्यांतली निम्मी नाटके कळली नाहीत. मध्यंतरातला वडा मात्र प्रत्येक वेळी कळला. सिनेमा तिला अधिक जवळचा. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली तिने कोहिनूरला पाहिला. हे चित्रपटगृह मराठी सिनेमाला मिळावे म्हणून तेव्हा भांडण झाले होते, ते ती अजून रंगवून सांगते.

"आणि तुझा फाळके?" बोटे पुसत तिने विचारले.

पुन्हा पूल, पुन्हा पूर्व. दादर मेन रोड कुठे, असे मी तिघांना विचारले. टॅक्सीवाल्याने मला परळला पाठवले. औषधाच्या दुकानातल्या तरुणाने फोनमध्ये पाहून मान हलवली. तिसऱ्या गृहस्थांनी, चांगलेच वयस्क होते, नुसते वर बोट केले. डोक्यावर पाटी होती : दादासाहेब फाळके मार्ग. आत्याकडे जाताना हा रस्ता मी किती वेळा ओलांडला असेन!

याच रस्त्यावरच्या मथुरा भवन बंगल्यात १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र'चे बिऱ्हाड थाटले होते. पैसा उभा करताना सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सिनेमात उभी राहायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडत, म्हणून मंडळींनी "हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत" असे सांगायचे असे फाळक्यांनी ठरवून दिले होते. आणि त्या कारखान्यात सरस्वतीबाई साऱ्यांचा स्वयंपाक उरकून रात्री अंधारात फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडीत. सहा महिने सत्तावीस दिवस चाललेल्या या संसारातून निघालेला चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे याच भागात चंदुलाल शहांचे 'रणजित' उभे राहिले. सैगलचा 'तानसेन' (१९४३) त्यांचाच.

हे सारे मी फुटपाथवर उभी राहून, जवळजवळ तासाला शिकवल्यासारखे आत्याला ऐकवले. ती पिशवी खाली ठेवून शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे जेवण तिनेच केले आणि छिद्रेही तिनेच पाडली," ती म्हणाली. "रस्त्याला नाव मात्र त्याचे एकट्याचे."

माझ्या अठरा वर्षांच्या वाक्यात सरस्वतीबाई कधीच आल्या नव्हत्या.

आत्या जानेवारीत डोंबिवलीला गेली. सुट्टीनंतर मी त्या मुलाला रस्ता सांगितला, आणि सरस्वतीबाईही सांगितल्या. त्याने दोन्ही वहीत उतरवून घेतले. परवा दादरचे चार वडे बांधून मी आत्याकडे नेले. तिने एक खाल्ला, पाणी प्याली आणि म्हणाली, "इथे कोपऱ्यावर एक जण काढतो, तो याहून बरा आहे. पुन्हा नको आणूस एवढ्या लांबून."

तिच्या खिडकीत दुसरा कंदील टांगलेला होता. दिवाळीला अजून वीस दिवस होते.