क्लचच्या नळीतील हवा कशी काढावी?

धुळे परिसरातील कापूस व कांदा बाजारात पोचविण्यासाठी अनेक शेतकरी जुन्या मालवाहू गाड्या वापरतात. अशी भरलेली गाडी लळिंगच्या घाटात चढत असता क्लचचे पेडल एकाएकी तळाला जाऊन बसले, तर गिअर बदलता येत नाही. गाडी, माल व माणूस तिन्ही संकटात सापडतात. ज्या गाड्यांच्या क्लचला तार नसून तेलाची नळी असते, त्यांत हा दोष पुष्कळदा नळीत हवा शिरल्याने उद्भवतो. मिस्त्री लोक यास ‘एअर धरली’ असे म्हणतात.

हवेने काय होते?

पेडल दाबले असता वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरातील तेल नळीतून खालच्या सिलिंडरात ढकलले जाते व त्याच्या दाबाने क्लच सुटतो. तेल दाबून आकुंचन पावत नाही, हवा मात्र पावते. म्हणून पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. विहिरीवरील पंपाच्या नळीत हवा शिरली म्हणजे पंप फिरतो, पण पाणी उचलत नाही. त्यातलाच हा प्रकार होय. पेडल दोनतीन वेळा भराभर दाबल्यावर तात्पुरते ताठ होत असेल, तर नळीत हवा आहे असे समजावे.

हवा काढण्याची रीत

या कामास दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये.

१. तेलाच्या डब्याचे झाकण पुसून उघडावे व डबा योग्य तेलाने भरावा.

२. खालच्या सिलिंडरावरील निपल स्वच्छ करून त्यावर पारदर्शक नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या स्वच्छ तेलात बुडवून ठेवावे.

३. एकाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरावे. दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतील.

४. निपल घट्ट केल्यानंतरच पेडल सोडावे. आधी सोडल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. पेडल आपोआप वर न आल्यास हाताने उचलावे.

५. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. दर चारपाच वेळा डब्यातील तेल पाहून भर घालावी. डबा रिकामा झाला तर सर्व श्रम वाया जातात.

घ्यावयाची काळजी

झाकणावर अगर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचे तेल, डिझेल किंवा रॉकेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून बाहेर काढलेले किंवा फार दिवस उघडे राहिलेले तेल पुन्हा घालू नये. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

डब्यातील तेल वारंवार कमी होत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित. अशा वेळी हवा काढणे हा तात्पुरता उपाय ठरतो. प्रथम गळके सील अगर नळी बदलावी. ज्या गाडीत क्लच व ब्रेक यांचा डबा एकच असतो, तेथे ब्रेकही तपासल्याखेरीज गाडी घाटात नेऊ नये.