शोधताना नेमका शब्द हवा

काजूच्या हंगामात सत्तरीतील बागायतदारांना माकडतापाची धास्ती असते. २०१५ साली तो तेथे आढळला. आपल्या वास्कोतील विद्यार्थी यावर संगणकात माहिती शोधताना 'माकड' व 'ताप' एवढेच लिहितात आणि भलत्याच रोगांत भरकटतात, असे आम्ही पाहतो.

हा गोचिडीच्या चाव्याने होणारा रोग १९५७ साली कर्नाटकात क्यासनूर जंगलात सापडला. म्हणून शास्त्रीय नाव 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज'. 'पबमेड' या विनामूल्य सूचीत हे नाव इंग्रजीत, अवतरणचिन्हांत लिहावे. लेख फार आले तर 'अँड'ने 'गोवा' जोडावे. थोडे आले तर 'ऑर'ने दुसरे नाव. लेखाचे वर्ष पाहावे.

मुलांनो, वाचलेले बागेत जाणाऱ्यांनाही सांगा: ताप अंगावर काढू नका, दवाखाना गाठा.