पुढच्या बाकांवरचा सत्तर एमेम
(लेखांक सहावा)

डिलाईल रोडवरच्या चाळींत गणेशोत्सवात भर रस्त्यात पडदा बांधून चित्रपट दाखविण्याची जी वहिवाट होती, तिच्यात माणसे पडद्याच्या दोन्ही अंगांना बसत; आणि उशिरा पोहोचणाऱ्या आम्हा पोरांच्या वाट्याला बहुधा मागचे अंग येई, जेथून नामावलीची अक्षरे उलटी दिसत आणि मूळचा डावखुरा अमिताभ बिनदिक्कत उजव्या हाताने ठोसे लगावी. प्रेक्षकाची जागा बदलली की चित्रपटही बदलतो, हा धडा मला तेथे फुकटात मिळाला.

गेल्या लेखांकातील ३५ मिलिमीटरची फीत दुप्पट रुंद केली, म्हणजे ७० मिलिमीटरच्या चौकटीला चारांऐवजी पाच छिद्रांची उंची लाभते, चित्राचे क्षेत्रफळ सुमारे तिप्पट होते, आणि चुंबकीय पट्ट्यांवर ध्वनीचे सहा स्वतंत्र मार्ग मावतात. चौकट मोठी असल्यामुळे पडद्यावर ती कमी ताणावी लागते व तिच्यातून प्रकाशही अधिक जातो. आमच्याच रस्त्यावरच्या दीपक टॉकीजसारख्या थिएटरांत पडद्यालगतची बाके स्वस्त आणि बाल्कनी महाग, ही जी प्रतवारी कायम झाली होती, तिच्या मुळाशी लहान चौकटीचा दुबळेपणाच होता : जवळून पाहावे तर चित्राचे दाणे दिसत, आणि मान अवघडे ती वेगळीच.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित होऊन लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम ठोकणारा ‘शोले’ मुळात ३५ मिलिमीटरवरच चित्रित झाला व मागाहून ७० वर मोठा करण्यात आला. मूळ फितीत नसलेला तपशील अशा विस्ताराने उत्पन्न होत नाही, हे खरे; म्हणून काही शास्त्रशुद्ध मंडळी त्यास दुय्यम लेखतात. मला ते मंजूर नाही. जयने उडविलेले नाणे खणकले, तेव्हा ते कोठे पडले म्हणून लोक खुर्च्यांखाली वाकून पाहू लागले, असे सांगतात. हा प्रताप ध्वनीच्या त्या सहा मार्गांचा. शिवाय बाल्कनीतल्या शेटजीला रामगड भिंतीवरच्या तसबिरीसारखे चौकटीत बसलेले दिसे, तर पाळी संपवून आलेल्या गिरणी कामगाराला पुढच्या बाकावरून एका डाकूकडून दुसऱ्याकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागे. कमी पैसे मोजणाऱ्यालाच रामगड अधिक मिळाले!

१९७० साली ओसाकाच्या प्रदर्शनात अवतरलेल्या आयमॅक्सने हीच पुढची बाके जणू सर्वांना वाटून दिली. तीच ७० मिलिमीटरची फीत आडवी धावू लागली, एकेका चौकटीला पंधरा छिद्रांची लांबी मिळाली, आणि उभ्या चढणीवर रचलेल्या खुर्च्यांमुळे शेवटची रांगसुद्धा पडद्याच्या निकट आली. मुंबईत २००१ साली वडाळ्याला त्याचा घुमट उभा राहिला. त्याची हकीगत पुढील लेखांकी. फिनिक्स मिलच्या आवारातल्या आयमॅक्समध्ये आता फीत नाही, सारा कारभार डिजिटल आहे. तरी वाचकांनी एकदा तेथे मधली जागा सोडून मुद्दाम पुढच्या रांगेचे तिकीट काढावे, आणि मान किती वेळा वळली ते कळवावे.