नर्सबाईंपासून काय लपवायचं?

मैत्रिणींनो, बाळंतीण लेक घरी आली की थोड्याच दिवसांत आशाताई नाहीतर नर्सबाई दारात येतात. ‘सगळं छान आहे हो!’ म्हणत आपण त्यांची बोळवण करतो. मनात मात्र शंका असते. चार महिने झाले तरी बाळ मान धरत नाही. नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष उलटलं, तरी तोंडातून एक शब्द नाही. घरची वडीलधारी म्हणतात, ‘त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला!’

ही शंका नर्सबाईंना जरूर सांगा. निदान करणं हे डॉक्टरांचं काम. पण कुठं जायचं, ते नर्सबाई सांगतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वाढीत मागे पडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. उपचारांना पैसे पडत नाहीत. पहिल्या वर्षांत मेंदू भराभर वाढत असतो, म्हणून ‘बघू पुढं’ म्हणून चालत नाही.

घरातल्या अडचणीही त्यांना विचारा. हातापायांत ताठरपणा असलेल्या मुलाला आडवं निजवून भरवू नका; घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. नीट कसं बसवायचं, ते त्यांच्याकडून शिकून घ्या. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तडक दवाखाना गाठा. फिटच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. मुलगी वयात आली, की पाळीची स्वच्छता तिला कशी शिकवायची, हेही विचारायला लाजू नका.

थोरलीचं लग्न ठरायचंय, म्हणून मतिमंद म्हणून हिणवल्या गेलेल्या धाकट्याला आतल्या खोलीत ठेवणारी घरं अजून आहेत. त्याचे दात किडतात, कानाला कमी येऊ लागतं. दुखतंय हे त्याला धड सांगता येत नाही. ‘आज हा जेवला का नाही?’ असं विचारणारं बाहेरचं माणूस बहुधा नर्सबाईच असतं. तेही दाराशीच थांबलं, तर त्याचं दुखणं कुणाला कळायचं?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अपंगत्वाचा दाखला मात्र हवा.

तेव्हा एक साधी वही घाला. फिट कधी आली, किती वेळ टिकली, खाणं-झोप कशी आहे, हे लिहून ठेवा. पुढच्या खेपेला नर्सबाई आल्या, की चहाबरोबर ती वहीही पुढं करा. आणि मुलाला बाहेर आणा, बरं का!