मनाची जखम आणि माजी सैनिकाचा हक्क

महाराष्ट्राची सैनिकी परंपरा जुनी आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड ह्या जिल्ह्यांतील असंख्य घरांच्या भिंतींवर गणवेषातील छायाचित्रे लावलेली आढळतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' ह्या नावानेच ओळखले जाते. लढाईत हात किंवा पाय गमावून परतलेल्या जवानाकडे अशी गावे आदराने पाहतात. त्याची जखम सर्वांना दिसते आणि तिचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, ह्याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो.

परंतु काही जवान धडधाकट शरीराने घरी येतात आणि तरीही जखमी असतात. ते रात्री दचकून उठतात. दिवाळीत फटाका वाजला की त्यांच्या अंगाला कापरे भरते. सोबत्याच्या मृत्यूचा तोच प्रसंग त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहतो. माणसांत बसणे ते टाळतात, क्षुल्लक कारणावरून संतापतात, कधी दारूचा आधार घेतात. अशा माणसाविषयी गाव म्हणते, "फौजेतून आला आणि तऱ्हेवाईक झाला." घरची मंडळी अंगारेधुपारे करतात. त्याला आजार जडला आहे, हा आजार त्याच्या सेवेतून उद्भवलेला असू शकतो आणि तसे असल्यास अपंगत्व निवृत्तिवेतनावर त्याचा हक्क आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या हक्काची वाट कोणती, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आजाराचे स्वरूप

ह्या आजारास वैद्यकशास्त्रात आघातोत्तर ताणविकार म्हणतात. 'पी.टी.एस.डी.' ह्या आद्याक्षरांनी तो अधिक परिचित आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने भांबावलेल्या सैनिकांच्या अवस्थेला 'शेल शॉक' असे नाव मिळाले होते. त्या काळी कित्येकांनी तिची गणना भित्रेपणात केली. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अनुभवांमुळे ह्या विषयाकडे नव्याने लक्ष गेले आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात ह्या विकाराचा समावेश केला.

भीषण प्रसंगानंतर काही दिवस मन अस्वस्थ राहणे स्वाभाविकच होय. मात्र प्रसंगाच्या आठवणी व दुःस्वप्ने, त्या प्रसंगाशी निगडित गोष्टी टाळण्याची वृत्ती, उदासीनता आणि सततची सावधानता ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली व त्यांमुळे दैनंदिन व्यवहार बिघडू लागला, तर तो विकार समजावा. काही जणांत तो प्रसंगानंतर अनेक महिन्यांनी डोके वर काढतो. औषधे व मानसोपचार ह्यांनी त्यात सुधारणा होऊ शकते, हेही तितकेच खरे.

दोन प्रश्न

लष्करी सेवेतील अपंगत्व निवृत्तिवेतन, म्हणजेच फौजी बोलीतील 'डिसेबिलिटी पेन्शन', मुख्यतः दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते. पहिला प्रश्न असा की, आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला आहे काय, अथवा सेवेमुळे बळावला आहे काय? दुसरा प्रश्न, अपंगत्वाचे प्रमाण किती? वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्या जवानाच्या बाबतीत हे प्रमाण सामान्यतः २० टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते.

ह्या दोन्ही प्रश्नांवर सेवामुक्तीच्या वेळी भरणारे वैद्यकीय मंडळ आपले मत नोंदवते. त्यानंतर प्रकरण अभिलेख कार्यालयाकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, तर बॉम्बे सॅपर्सचे खडकी येथे आहे. निवृत्तिवेतन मंजुरीचे पुढील काम प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयामार्फत 'स्पर्श' ह्या संगणकीय प्रणालीद्वारे होते. यास्तव वैद्यकीय मंडळापुढील दिवस हा साऱ्या प्रकरणातील निर्णायक दिवस होय. पुढील अपिलांत मुख्यतः त्या दिवशीच्या कागदांचीच छाननी होते.

मनोविकार व सेवा ह्यांचा संबंध

मानसिक आजार अनुवंशिक आहे किंवा मूळ प्रकृतीतूनच आलेला आहे, असा शेरा मारून दावे फेटाळले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वस्तुतः लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी २००८ साली प्रसृत झालेल्या मार्गदर्शिकेत ह्या विषयावर स्पष्ट निकष दिलेले आहेत. जवान युद्धक्षेत्रात वा बंडखोरीविरोधी कारवाईच्या क्षेत्रात, अतिउंच प्रदेशात, अत्यंत एकाकी ठाण्यावर किंवा समुद्रावर सेवेत असताना मनोविकार उद्भवल्यास तो सेवेमुळे उद्भवलेला मानावा, असे ती सांगते. जीवितहानी झालेला वाहन अपघात, विमान अपघात, तसेच भूकंप किंवा चक्रीवादळासारख्या आपत्तीत मृतदेहांच्या सान्निध्यात करावे लागलेले मदतकार्य ह्यांचाही तीत समावेश आहे. अवयव गमावणे अथवा डोक्याला गंभीर इजा होणे अशा सेवाजन्य दुखापतीनंतर एक वर्षाच्या आत मनोविकार जडल्यास तोही सेवाजन्य ठरतो व ह्या संदर्भात आघातोत्तर ताणविकाराचा नामनिर्देश आहे.

ह्याशिवाय, पत्नी वा मूल दगावले असता सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारली गेली आणि तीन महिन्यांच्या आत मनोविकार झाला, तर तो सेवेमुळे बळावलेला समजावा, अशीही तरतूद तीत आहे. आजाराचे निदान होऊन कामावर निर्बंध घातल्यानंतरही जवानास लढाऊ क्षेत्रात ठेवण्यात आले व आजार वाढला, तर तोच नियम लागू होतो.

दिनांक २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम व नवी मार्गदर्शिका अमलात आली आहे. त्या दिवशी व त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांना ती लागू होते. सेवेचा कालावधी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांना अपंगत्वापोटी मिळणाऱ्या रकमेस नव्या नियमांत 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नाव आहे. आपण कोणत्या तारखेस सेवा सोडली व त्यानुसार कोणते नियम लागू पडतात, हे अर्जदाराने प्रथम निश्चित करून घ्यावे.

नोंद हाच पुरावा

ह्या निकषांवरून एक गोष्ट ध्यानात येईल. आजार कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रसंगानंतर सुरू झाला, ह्याला सर्वाधिक महत्त्व आहे. नेमकी हीच माहिती बहुसंख्य जवानांच्या कागदपत्रांत नसते. ह्याचे कारण उघड आहे. फौजेत आरोग्याची श्रेणी पाच घटकांवर ठरते आणि त्यातील पहिला घटक मानसिक आरोग्याचा असतो. श्रेणी खालावली तर बढती थांबेल, सोबती हसतील, ह्या भीतीने जवान झोप येत नसल्याचे रुग्णालयात सांगत नाही. सांगितलेच, तर डोकेदुखी सांगतो. वर्षानुवर्षे बाळगलेले हे मौन पुढे त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरते, कारण कागदांवर आजाराची सुरुवातच सापडत नाही.

म्हणून सेवेत असतानाच लक्षणे वैद्यकीय अधिकाऱ्यास सांगून ती नोंदवून घ्यावीत. मनोविकाराच्या प्रकरणात तुकडीच्या कमान अधिकाऱ्याचा अहवाल 'ए.एफ.एम.एस.एफ.-१०' ह्या नमुन्यात मागवला जातो. जवानाच्या वागणुकीत केव्हा व कसा बदल झाला, हे त्यावरून मंडळास कळते. वैद्यकीय मंडळाच्या 'ए.एफ.एम.एस.एफ.-१६' ह्या नमुन्यात जवानाचे स्वतःचे निवेदन असते. कोणकोणत्या ठिकाणी सेवा झाली, ती शांतताक्षेत्रात की युद्धक्षेत्रात, भरतीपूर्वी हा आजार होता काय, ही माहिती त्यात भरावयाची असते. हा नमुना घाईने भरू नये, न वाचता त्यावर सही करू नये आणि त्याची प्रत अवश्य जपून ठेवावी.

जे आधीच निवृत्त झाले आहेत व ज्यांच्याजवळ कागद नाहीत, त्यांनी अभिलेख कार्यालयाकडे वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये तसा अर्ज करता येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा हक्क दिला आहे. त्या प्रसंगी सोबत असलेल्या सहकाऱ्यांची लेखी निवेदने, पत्नीने वा आईवडिलांनी पाहिलेल्या बदलांचे तारीखवार टिपण आणि निवृत्तीनंतर घेतलेल्या उपचारांचे कागद हेही उपयोगी पडतात. सेवा सोडल्यानंतर उशिरा प्रकट झालेला आजार नियमांतील ठराविक मुदतीत निदर्शनास आणला व त्याचे मूळ सेवाकाळात असल्याचे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाले, तर त्याचाही विचार होऊ शकतो. तेव्हा विलंब करू नये.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या २०१३ सालच्या निकालात महत्त्वाचे सूत्र घालून दिले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल व पुढे त्याच आजाराने जवान सेवामुक्त झाला, तर तो आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नसल्यास कारणे देण्याची जबाबदारी वैद्यकीय मंडळाची आहे आणि वाजवी संशयाचा फायदा जवानास मिळाला पाहिजे. २०१५ साली ह्याच सूत्राचा पुनरुच्चार झाला.

तथापि दुसरी बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने २०१९ साली असे म्हटले की, असा आजार भरतीच्या वेळच्या तपासणीत आढळून येईलच असे नाही. त्यामुळे केवळ नोंद नव्हती एवढ्यावरून हक्क आपोआप सिद्ध होत नाही. त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात मे २०२५ मध्ये मात्र वैद्यकीय मंडळाने सबळ कारणे न दिल्याने जवानाच्या बाजूने निकाल लागला. तात्पर्य, गृहीतकावर विसंबून न राहता प्रसंग, ठिकाण व तारीख ह्यांचा पुरावा जोडणे हेच श्रेयस्कर.

अपिलाची वाट

दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले म्हणजे सर्व संपले, असे समजू नये. ते पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येते. तेही फेटाळले गेल्यास दुसऱ्या अपिलाची सोय आहे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या ह्या न्यायाधिकरणाचे मुंबई येथील खंडपीठ महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांना जवळचे आहे. तेथेही अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, परंतु योग्य कारणासाठी विलंब माफ होऊ शकतो. निवृत्तिवेतन हा दरमहाचा हक्क असल्याने उशिरा आलेले दावेही ऐकले जातात. मात्र २००८ सालच्या एका निकालानुसार अशा प्रकरणी थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजेच उशीर झाला तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

ही किंमत किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२३ पूर्वीच्या नियमांनुसार शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो व कमी अपंगत्वास त्या प्रमाणात कमी होतो. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरले जाते. शेवटचे वेतन ४०,००० रुपये व अपंगत्व ३० टक्के असलेल्या जवानास, ते ५० टक्के धरून, दरमहा ६,००० रुपये व त्यावरील महागाई साहाय्य मिळते. सेवेचा भाग त्याखेरीज वेगळा असतो. लहान शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नव्हे.

साहाय्य कोठे मिळेल

अर्ज व अपील तयार करण्याच्या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुणे येथे आहे. उपचारांसाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची, म्हणजेच ई.सी.एच.एस.ची, चिकित्सालये २००३ पासून सुरू आहेत. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे. सशस्त्र दलांसाठी ह्या सेवेचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. उपचार घेतल्याने दावा दुबळा होत नाही. उलट आजाराची नोंद होते आणि माणूसही सावरतो.

ह्या कामी कुटुंबाचा वाटा मोठा आहे. ज्याचे मन जखमी आहे, त्याच्याच्याने कागद जुळवणे, मुदती सांभाळणे, कार्यालयांत खेपा घालणे बहुधा होत नाही. ती जबाबदारी पत्नीने, भावाने, गावातील एखाद्या निवृत्त सुभेदाराने उचलली पाहिजे. आपल्या गावात असा एखादा जवान असेल, तर त्याच्या तऱ्हेवाईकपणाची चर्चा थांबवून त्याच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत चालत जावे. निवृत्तिवेतन हा त्याच्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. त्यात दयेचा प्रश्न नाही आणि तो मागण्यात कमीपणाही नाही.