पाहुणे येतायत? सांगली दाखवा!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला आई-बाबा नागपूरहून मला भेटायला आले. मी त्यांना पिझ्झा खायला नेलं. बाबांनी विचारलं, "तीन वर्षं राहतेस इथे, सांगलीत बघण्यासारखं काय आहे गं?" मी म्हटलं, "काही नाही हो बाबा." ते हसले. पण एवढा प्रवास करून दोघं नुसती माझी खोली बघून परत गेले, हे मनाला फार लागलं. मग पुढचे चार रविवार मी गाव पालथं घातलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

सकाळी कृष्णाकाठचं गणपती मंदिर बघा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ साली मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली, हे मंदिर त्यांच्याच घराण्याचं. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीतास्वयंवर' केलं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो तो त्यामुळेच! मला हे बारावीपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

तिथून जवळच १९२९ सालचा आयर्विन पूल. पावसाळ्यात अख्खी सांगली इथली पाण्याची पातळी विचारत असते. धोक्याची खूण ४५ फुटांची, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुलावर उभं राहून ते पाणी डोळ्यांसमोर आणा, फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक एकदम खरं वाटायला लागतं.

दुपारी रिक्षाने हरिपूर. इथे कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. पण इंजिनिअर लोकांनी इथली पेवं समजून घ्यावीत. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद, आत ऐसपैस. तोंड मातीने बंद केलं की आतला ऑक्सिजन संपतो, कीड जगत नाही, हळद टिकते. ना वीज, ना केमिकल! पेव उघडल्यावर आत कंदील सोडायचे, तो विझला तर माणूस उतरायचा नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं खराब झाली, त्यामुळे आता ती फार उरली नाहीत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते मात्र टिकून आहे.

वेळ उरला तर मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जा. एकेकाळी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी भोपळ्यातून तंबोरा घडवायला लागली, आणि आज त्यांची वाद्यं देशभर जातात.

आता मुख्य विषय, खाणं! लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता घातलेलं भडंग घ्याच, सबमिशनच्या रात्री उपयोगी पडतं. थंडीत कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी. बेदाणे घरी न्यायला. गाडी असेल तर नरसोबाच्या वाडीला जाऊन दर्शन घ्या, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी. उन्हात फिरताना उसाचा रस, बर्फ कमी सांगा.

दिवाळीआधी आई-बाबा पुन्हा येतायत. या वेळी पिझ्झा नाही. बाबांना थेट आयर्विन पुलावर नेणार आहे, आणि प्रश्न त्यांनी विचारायच्या आत उत्तर देणार आहे!