मर जपणारं वावर

पहाटेचे साडेपाच वाजलेत. लातूरहून मध्यरात्री निघालेली बस मला पटांचेरूला उतरवते आणि हैदराबादच्या दिशेने निघून जाते. नोव्हेंबरचा गारवा अंगाला झोंबतोय. टपरीवरचा चहा, ट्रकांचा खडखडाट, कानावर तेलुगू. महामार्गाच्या कडेने लांबच लांब कुंपण गेलंय आणि आत झाडांची काळी रेघ दिसतेय. हेच इक्रिसॅट. कोरडवाहू पिकांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये इथे स्थापन झाली. लातूरची वाट बिदर-जहिराबादवरून येते, नांदेडची देगलूरवरून, आणि संगारेड्डीजवळ त्या एक होतात. मराठवाड्यातून हैदराबादला जाणारी कितीतरी माणसं या फाटकासमोरून वर्षानुवर्षं जातात. मी आज पहिल्यांदाच आत चाललोय.

सायकलवरून एक मुलगी येते. औसा तालुक्यातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलंय, संशोधन मात्र इथे करते. तुरीवर. डोक्याला रुमाल, खांद्याला झोळी, झोळीत चिमटा, स्पिरिटची बाटली, रंगीत दोरे आणि चिठ्ठ्या.

"काका, चहा घेतलाव का? मग चला. ऊन वर यायच्या आत क्रॉसिंग उरकावं लागतंय."

सुमारे चौदाशे हेक्टरांचं आवार आहे. एका बाजूला तांबडी जमीन, दुसऱ्या बाजूला अस्सल काळी. दोन्ही जमिनी एकाच कुंपणात मिळाल्या, ही जागा निवडण्यामागचं ते एक मोठं कारण. काळ्या रानाच्या बांधावर ती थांबते आणि पायाने ढेकूळ दाबून बघते. "ही माती बघितली की घरी आल्यासारखं वाटतंय."

पांढऱ्या जाळीच्या आत तुरीची झाडं फुलावर आहेत. जाळी मधमाश्यांसाठी. तूर स्वतःच्याच परागावर फळते, पण माशी शिरली की परक्याचे पराग येतात आणि संकराचा हिशेब बिघडतो. ती एक कळी निवडते, पिवळी, अजून मिटलेली. उमललेलं फूल चालत नाही, कारण त्यातले पराग आधीच सुटलेले असतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरून ती चिमट्याच्या टोकाने पाकळी बाजूला सारते. आत दहा पुंकेसर, मोहरीपेक्षाही बारीक डोक्यांचे. एकेक करून ती ते खुडते आणि मनात मोजते, मला तिचे ओठ हलताना दिसतात. दहा झाले. मग दुसऱ्या वाणाचं ताजं फूल घेऊन त्याचे पराग उघड्या कुक्षीवर टेकवते. देठाला लाल दोरा, चिठ्ठीवर तारीख. एका फुलाला जेमतेम मिनिटभर.

"ह्यातली बरीच गळतात," ती सांगते. तूर अशीच आहे, लागलेली बहुतेक फुलं टाकून देते. सकाळभरात पन्नास-साठ कळ्या हाताळाव्या तेव्हा मोजक्या शेंगा हाती येतात. शेजारच्या ओळीत तीन बाया हेच काम करताहेत, आसपासच्या गावांतल्या. त्यांची बोटं हिच्यापेक्षा झरझर चालतात. "मला ह्या अक्कांनीच शिकवलंय," ती म्हणते आणि त्यांच्याशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलते. त्या हसतात, पण कळी सोडत नाहीत.

नऊच्या सुमारास ती मला दुसऱ्या तुकड्याकडे नेते. इथे मी थबकतो. ओळीच्या ओळी वाळून उभ्या आहेत. पानं लोंबतात, शेंगा भरण्याआधीच झाड करपलंय. मधूनच एखादी ओळ हिरवीगार. लातुरात असं वावर दिसलं तर बांधावर उभ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"हे सिक प्लॉट. इथं मर मुद्दाम जपलेली असते."

मर रोगाची बुरशी मातीत राहते. तुरीच्या मुळ्या-धसकटांवर ती तीन वर्षांपर्यंत तग धरते. शेतकरी तिला हुसकवायला बघतो, इथे तिला सांभाळलं जातं. मेलेल्या झाडांची खोडं तोडून पुन्हा याच मातीत मिसळतात. दर काही ओळींनंतर मरीला हमखास बळी पडणारं वाण पेरतात. ते मेलं तरच खात्री पटते की माती पुरेशी रोगट आहे. अशा मातीत जे हिरवं उरलं, तेच पुढे न्यायचं.

ती एक वाळलेलं झाड उपटते आणि चाकूने खोड उभं चिरते. पांढऱ्या लाकडात बुडापासून वर गेलेली काळपट रेघ. "ही बघा. पाणी वर चढायची वाटच बंद झालेली असते. मुळाला ओल असली तरी झाड तहानेनं मरतंय." चिरलेलं खोड ती माझ्या हातात देते. माझ्या वडिलांनी अशी झाडं उपटून बांधावर टाकलेली मी पाहिलीत. आमच्याकडे त्याला तूर उधळली म्हणतात. आतली ही रेघ मात्र आज बघतोय.

दुपारी काचघरात देगलूरकडचा मुलगा भेटतो. त्याचं काम वांझ रोगावर. कुंड्यांमध्ये तुरीची कोवळी रोपं, दोन-दोन पानांची. त्याच्या हातात कार्यालयात असतो तसला स्टेपलर. रोगट झाडाचं पान घेऊन तो कोवळ्या पानाभोवती दुमडतो आणि टाचणी मारतो. खट्. पुढचं रोप. खट्.

ही रीत १९७०च्या दशकात इथेच डॉ. वाय. एल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. वांझ रोग एका कोळ्याच्या जातीच्या किडीमार्फत पसरतो. कीड इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. टाचलेलं पान सुकू लागलं की ती आपोआप शेजारच्या ताज्या पानावर सरकते आणि रोग देऊन टाकते. झाड हिरवं राहतं, झुडपासारखं वाढतं, पण फुलत नाही. किडीबरोबर येणारा विषाणू हाती लागायला मात्र या शतकाची सुरुवात उजाडावी लागली. तोवर हा स्टेपलरच निवाडा देत होता. आमच्याकडे घरोघर पेरल्या गेलेल्या बीएसएमआर ७३६ चं नाव तो काढतो. "त्या अक्षरांत बदनापूर पण हाय अन् वांझ रोगाला दाद न देणं पण हाय. पेरताना कुणाला ठाऊक असतंय?"

जेवणाच्या वेळी एका टेबलावर आम्ही सहाजण. आफ्रिकेतून आलेली एक संशोधक बाजरीवर काम करते, ओडिशाचा एकजण भुईमुगावर. बोलणं इंग्रजीत चाललंय. औशाची मुलगी मध्येच माझ्याकडे वळून मराठीत सांगते, "पहिले सहा महिने मी तोंडच उघडलं नाही. प्रश्न यायचा, पण इंग्रजीत मांडता यायचा नाही." मग एकदा चर्चेत कुणीतरी विचारलं, मर रोग शेतात नेमका कधी दिसतो. पुस्तकातली तारीख सगळ्यांकडे होती. "मी सांगितलं, फुलावर येताना, पाऊस उघडून ऊन पडलं की. आमच्या वावरात बघितलेलं होतं ना." त्या दिवसापासून ती बोलते.

घरून फोन येतो तेव्हा दोन प्रश्न ठरलेले, एमपीएससीचा फॉर्म भरला का आणि स्थळ बघायचं का. फेलोशिपला मुदत आहे, तुरीला नाही. एक वाण तयार होऊन शेतकऱ्याच्या हाती जायला दहा-बारा वर्षंही लागतात. २०११ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने तुरीचा जनुकीय आराखडा वाचला गेला, 'आशा' या वाणावरून. त्यात ४८ हजारांहून अधिक जनुकं आढळली. आता पानाचा तुकडा तपासून निवड करता येते, दिव्यांच्या उजेडात वर्षाला एकाहून अधिक पिढ्या घेता येतात. वेळ कमी होतोय. तरी शेवटी रोगट मातीत पेरून बघावंच लागतं, आणि तिथे घाई चालत नाही. वयाची पंचविशी या धीरावर घालणाऱ्या पोरांकडे बघून मला मनापासून वाटतं, आमच्या गावांनी यांना नोकरीचं विचारण्याआधी एकदा कामाचं विचारावं.

संध्याकाळी जनुकपेढीच्या दाराशी उभे राहतो. आत उणे २० अंशांत, हवा काढलेल्या चंदेरी पाकिटांत बियाणं निजलंय. तुरीचेच तेरा हजारांहून जास्त नमुने. आपल्याकडून गेलेले जुने देशी वाणही त्यात आहेत.

तेवढ्यात तिचा फोन वाजतो. व्हिडिओवर तिचे वडील, मागे तुरीचं रान.

"निम्मं उधळलं बघ, माय."

ती गप्प होते. मग आवाज सावरते. "अण्णा, एक झाड उपटा. खोड चिरून दावा." विळ्याने खोड उभं फाटतं. ते फोनजवळ धरतात. सकाळी मी हातात धरलेली तीच काळपट रेघ.

"मरच हाय. पुढच्या साली ह्या वावरात तूर नको. ज्वारी घ्या. अन् पुढं तूर घ्याल तवा ज्वारीतच घ्या, बियाला ट्रायकोडर्मा चोळून."

"आजोबा ज्वारीतच घेत होते की."

"बरोबर करत होते."

फोनमधलं रान हलतं. ते बांधाने चालत पुढे जातात. "ह्या सगळ्या मेल्यात. ही एकच उभी हाय बघ, मधोमध. शेंगा पण धरल्यात."

ती फोन डोळ्यांजवळ नेते. "अण्णा, तिला हात लावू नका. सुतळी बांधा तिला. बी वेगळं काढा, दुसऱ्यात मिसळू नका. मी आले की घेऊन जाते."

"टिकंल का ही जात?"

"काय माहीत. नुसती सुटली असंल. इथल्या मातीत पेरल्यावर कळंल."

पडद्यावर म्हातारा वाकतो. कमरेच्या कनवटीतून सुतळीचा तुकडा काढून बुडाशी गाठ मारतो, दोनदा ओढून बघतो. इकडे ती झोळीतली वही काढते आणि कोऱ्या पानावर वर तारीख लिहिते, खाली गावाचं नाव.